आम्ही जातो तिथं वादळ येत नाही

किस्से कोणी साठवत नाही हो, ते साठतात. माझ्या दुकानामागं फ्लेक्सच्या कापलेल्या पट्ट्या पडतात तसे. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण एक दिवस वळून बघावं तर कमरेएवढा ढीग! आमच्या ग्रुपचं तसंच झालं. चार माणसं, एक जीप आणि वादळामागं धावायचा नाद. वादळ काही सापडलं नाही, किस्से मात्र पोत्यानं भरून न्या.

ग्रुपचे हेड म्हणजे हटवार सर. साकोलीच्या कॉलेजात भूगोल शिकवून रिटायर झाले. सरांना आयुष्यात एकच गोष्ट बघायची होती. ढगातून जमिनीकडं उतरलेली वादळाची सोंड. व्हिडिओत नाही, स्वतःच्या डोळ्यांनी. "मला काशी नको, ताजमहाल नको," ते म्हणायचे, "एकदा सोंड दिसली की मी मोकळा!"

जीप गजू मेंढेची. त्याचं कृषी केंद्र आहे, आणि तो सरांचा जुना विद्यार्थी. तिसरे डॉक्टर, दातांचे. दुपारी ढग जमतात तेव्हा त्यांच्याकडं पेशंट नसतो. सकाळीही नसतो, पण तो वेगळा विषय.

आणि चौथा मी, फ्लेक्सवाला. जोराचं वादळ आलं की चौकातले सगळे दादा, भाऊ आणि साहेब फाटून लोंबतात आणि हप्त्याभरात नव्यानं छापायला माझ्याकडं येतात. म्हणून गजू म्हणतो, मी शास्त्रासाठी नाही, धंद्यासाठी येतो. खोटं कशाला बोलू!

*

जायचं की नाही हे ठरवायची मीटिंग हायवेवरच्या चहाटपरीवर व्हायची. प्रत्येकाचा देव वेगळा. सर सरकारी अंदाज मानायचे. डॉक्टर कुठलं तरी परदेशी मॉडेल मानायचे, कारण ते परदेशी होतं. गजूच्या मोबाइलात एक अ‍ॅप होतं, त्यात ढगाचं चित्र हसायचं किंवा रडायचं. मी समोरच्या खांबावरचा फ्लेक्स बघायचो. साहेबांचे गाल फडफडले की पश्चिमेचा वारा.

सर अंदाज मोठ्यानं वाचायचे. "तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह पाऊस." एप्रिल-मे महिन्यात जवळजवळ रोज हेच.

एक दिवस गजूनं कप खाली ठेवला. "सर, एक इचारू का? हे तुरळक कोण्या तालुक्यात येते?"

सरांनी वर बघितलं.

"नाही म्हन्जे, मी गावोगावी खत पोचवतो, पन हे गाव कधी रस्त्यात नाही लागलं. आन् रोज त तिथंच वादळ येऊन राहिलं! मंग आपन पवनी-लाखांदूर कायले फिरून राहिलो? डायरेक्ट तुरळकलेच जाऊन बसू न!"

सरांनी चष्मा काढला. "गजानन, तुला अकरावीत भूगोलात कोणी पास केलं रे?"

"तुमीच त केलं व्हतं, सर!"

*

सरांचा एक नियम होता, सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय जीप सुरू करायची नाही. या नियमामुळं आमचं पेट्रोल फार वाचलं.

एकदा दुपारी आभाळ भरून आलं. डॉक्टरांचं मॉडेल म्हणे तुमसर. गजूचं ढगाचं चित्र पवनीवर रडत होतं. साहेबांचे गाल एकदम दोन्हीकडून फडफडत होते. चर्चा तापली. तेवढ्यात धूळ उडायला लागली, ती चहात पडायला लागली. डॉक्टर ओरडले, "अरे, ती ताडपत्री खाली सोड न बावा, मोबाइल दिसत नाही!"

टपरीवाल्यानं ताडपत्री सोडली. आत आमचा वाद चालूच. बाहेर इतका आवाज की आम्हाला एकमेकांवर ओरडून बोलावं लागत होतं. ताडपत्रीवर काहीतरी ताडताड वाजत होतं, पण आमचं लक्ष परदेशी मॉडेलकडं. शेवटी एकमत झालं, पवनी! टाळ्या वाजवून उठलो आणि ताडपत्री वर केली.

समोर कडुनिंब आडवा. रस्त्यावर बोराएवढ्या गारा. खांबावरचे साहेब गायब.

टपरीवाला म्हणाला, "आता कोठं जाता जी? ते त येऊन गेलं."

सरांनी शांतपणे आभाळ बघितलं. "जाऊ दे. सोंड नसेलच त्यात."

"तुमाले कसं मालूम? तुमी त आत व्हते!"

*

डॉक्टरांचा किस्सा छोटा आहे, पण त्यांच्यासमोर सांगू नका.

एकदा कधी नव्हे तो पेशंट आला. खुर्चीत बसवला, इंजेक्शन दिलं, कापूस कोंबला. तेवढ्यात मोबाइलवर लाल अलर्ट आला. डॉक्टर "पाच मिनिटांत येतो" म्हणाले आणि आमच्यासोबत लाखांदूरच्या रस्त्याला लागले. तिथं आभाळ कसं, तर धुतलेल्या ताटासारखं. दिवस मावळता परतलो, तर पेशंट खुर्चीत तसाच! बिचारा भला माणूस, न विचारता उठायचं कसं म्हणून थांबला होता. इंजेक्शन केव्हाच उतरलेलं.

डॉक्टरांनी घाईघाईनं हातमोजे घातले. पेशंटनं कापूस बाजूला केला. "साहेब, वादळ भेटलं का जी?"

"नाही ना."

"मंग दाढ तरी बराबर शोधजा!"

*

पवनीच्या रस्त्यावर मात्र आम्हाला सोंड सापडली होती. म्हणजे तसं वाटलं होतं.

लांब क्षितिजाजवळ तपकिरी खांब उभा. वर रुंद, खाली निमुळता, आणि गरगर फिरणारा! सर जीपमध्येच उभे राहिले. डोकं टपाला आपटलं तरी त्यांना कळलं नाही. "सोंड! गजानन, सोंड!" त्यांचा आवाज फाटला होता. डॉक्टरांनी लगेच मोबाइलवर लाइव्ह सुरू केलं. "मित्रांनो, आपण पाहत आहात भंडारा जिल्ह्यातील ऐतिहासिक वादळ!" गजूनं अशी जीप हाकली की दोन म्हशी आणि एक सरपंच रस्त्यावरून बाजूला झाले.

जवळ गेलो तर राइस मिल. मागच्या बाजूला धानाचा कोंडा फेकणारा पाइप, त्याला वाऱ्याची साथ. गेटवर मिलमालक हार घेऊन उभा! त्यानं आमचा लाइव्ह बघितला होता.

"या जी, या. आमच्या मिलची इतकी जाहिरात कोनी नव्हती केली!"

सरांनी तो हार घालून घेतला नाही. परतताना जीपमध्ये कोणाला हसायचं धाडस झालं नाही. घरी पोचल्यावर मी पोटभर हसून घेतलं.

*

आता खरी गंमत सुरू होते. आम्हाला कळायच्या आधी गावांना कळली.

पवनीकडच्याच एका गावात उन्हाळी धान कापून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पडला होता. वर काळं आभाळ. आमची जीप पोचली आणि अर्ध्या तासात ऊन! सर नेहमीप्रमाणं उदास. परत फिरणार तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी जीपच्या आडवा आला.

"थांबा न जी घडीभर. पोहे टाकले हायेत."

आम्ही भारावलो. गावाला विज्ञानाची कदर आहे म्हणालो! पोहे झाले, चहा झाला, पुन्हा पोहे. तो काही उठू देईना. शेवटी सरांनी विचारलं, "बाबा, इतका आग्रह का?"

"मांगल्या हप्त्यात तुमी आलते, तवाबी आभाळ उघडलं. त्याच्या आंधीबी तसंच. तुमी जिथं जाता तिथं वादळ येतच नाही जी! आमचा धान उचलून होयेपर्यंत बसा."

सर ताडकन उठले. "मी काय बुजगावणं आहे?"

म्हातारा हात जोडून म्हणाला, "नाही जी. बुजगावन्याले पाखरं कोठं भेतात!"

त्यानंतर सरांचा फोन वाजायचा थांबेना. कोणाचा धान, कोणाच्या विटा, कोणाचं बारसं. सर चिडून फोन ठेवायचे. गजूनं मात्र दुकानावर पाटी लावली, 'आमच्याकडे बियाणे घेणाऱ्यास वादळवाले सर घरपोच.' पाटी माझ्याच दुकानात छापली. सरांनी ती स्वतःच्या हातानं फाडली, पण तोवर गजूचा माल संपला होता.

*

मग एक दिवस माझ्या दुकानात एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता आला. साहेबांची सभा, मोकळं मैदान, पावसाची भीती. फ्लेक्सची ऑर्डर देऊन झाल्यावर हळूच म्हणाला, "भाऊ, ते सर घेऊन येता का?"

मी सरांना 'विज्ञान जागृती मेळावा' सांगून नेलं. फ्लेक्सवर खाली कोपऱ्यात त्यांचा फोटो होता, 'विशेष उपस्थिती : वादळरोधक मा. हटवार सर.' तोही मीच छापला. सर माझ्याशी पुढं बरेच दिवस बोलले नाहीत, ते यामुळं.

तर सभा. आम्ही चौघं पहिल्या रांगेत सोफ्यावर. आभाळ कोळशासारखं, विजा चमकताहेत, आणि थेंब नाही. साहेब खूश. ते बोलायला उभे राहिले आणि बसायचं विसरले. रस्ता आणणार, पूल आणणार, उद्योग आणणार. मागच्या वेळीही हेच आणणार होते, तेव्हाचा फ्लेक्स माझ्याकडं आहे. लोक कंटाळले, पण गेटवर कार्यकर्ते उभे. सुटकेचा एकच मार्ग, वरून!

बायाबापड्या आभाळाकडं बघून हात जोडायला लागल्या. आभाळ गडगडायचं आणि गप्प व्हायचं. शेवटी मागून एक बाई ओरडली,

"ओ वादळवाले सर! उठा न जी आता तुमी! पडू द्या पानी!"

*

आणि आता बपेऱ्याचं लग्न.

सरांच्या मिसेसना आम्ही काकू म्हणतो. त्याही शाळेतून शिकवून रिटायर झालेल्या. काकूंचे थोरले भाऊ यादोराव, तुमसरच्या पलीकडं नदीकाठी असलेल्या बपेऱ्याचे. त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर, घरासमोरच्या वावरात मोठा मांडव घालून. सरांची कीर्ती तिथवर पोचली होतीच. आम्हा चौघांना हळदीकुंकू लावलेली पत्रिका आली.

लग्नाच्या दिवशी सकाळी टपरीवर आक्रीत घडलं. सरकारी अंदाज, परदेशी मॉडेल आणि गजूचं ढगाचं चित्र, तिघंही एकच बोलले! संध्याकाळी, पवनीकडं, मोठं वादळ. वाद घालायला काही उरलंच नाही, आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. सरांनी भरलेला कप तसाच बाजूला सारला.

"आज नाही दिसली तर मला कधीच दिसत नाही," ते म्हणाले. "काढ गजानन, जीप काढ."

"पन सर, लग्न?"

"लग्नाला तिची आत्या जाते आहे ना!"

ती आत्या, म्हणजे काकू, तेवढ्यात पैठणी नेसून, बॅग घेऊन टपरीवरच हजर झाली. नवऱ्याचा चेहरा बघून काकूंना सगळं कळलं.

"पवनी?"

"अगं, मी नाही आलो म्हणून तिथं वादळ येणार आहे का? इतकी वर्षं शाळेत शिकवलंस, आणि हे मानतेस?"

"मी कायले मानू? मी नाही मानत," काकू म्हणाल्या. "पन दादा मानते. आन् मांडव त्याच्या पोरीचा हाये."

सरांनी कप ठेवला. कॅमेऱ्याची बॅग उचलली आणि जीपमध्ये बसले. काकू शेजारी बसल्या. हायवेवर डावीकडं पवनी आणि उजवीकडं तुमसर असा फाटा लागतो, तिथं गजूनं जीप उभी केली आणि मागं वळून बघितलं. डावीकडचं आभाळ काळंनिळं होत चाललं होतं. सर बराच वेळ तिकडं बघत राहिले. मी त्यांची आयुष्यभर टिंगल केली, पण त्या वेळी मला फार वाईट वाटलं, खरंच सांगतो.

"उजवीकडं घे," सर म्हणाले.

बपेऱ्यात आमच्यासाठी खास व्यवस्था होती. मांडवाच्या चार कोपऱ्यांत चार खुर्च्या, तोंडं आत, नवरा-नवरीकडं. यादोरावांनी एकेकाला हात धरून बसवलं. "पाहा जी, अक्षता पडेपर्यंत उठाचं नाही. पानी, सरबत, सगळं खुर्चीवर येईन."

"आणि बाथरूम?" डॉक्टरांनी विचारलं.

यादोरावांनी गंभीरपणे विचार केला. "कंट्रोल करा जी."

सरांना नदीकडचा कोपरा मिळाला. पाठ नदीकडं. कॅमेरा जीपमध्ये. मी त्यांच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात होतो, म्हणून मला सगळं दिसलं.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि वारा पडला. झालरीचं टोकसुद्धा हलेना. सरांच्या डोक्यावरून मला नदीपलीकडचं, मध्यप्रदेशातलं आभाळ दिसत होतं. ते हिरवट काळं झालं. ढगाचं पोट खाली लोंबायला लागलं. आणि त्यातून हळूहळू, काही घाई नसल्यासारखी, ती खाली उतरली.

सोंड!

महाराज "सावधान" म्हणता म्हणता थांबले. बँडवाल्यानं ढोलावरची काठी वरच धरून ठेवली. अख्खं वऱ्हाड मुठीत अक्षता धरून सरांच्या पाठीमागं बघत होतं. तिन्ही अंदाज एकमतानं चुकले होते, आणि आम्ही जिथं होतो तिथंच वादळ आलं होतं!

"सर!" मी ओरडलो. "मागं! सर, मागं!"

सरांना आमचे चेहरे बघूनच कळलं होतं. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. तेवढ्यात यादोराव फेटा सांभाळत धावत आले आणि त्यांनी सरांच्या गळ्यातच मिठी मारली.

"उठू नका, जवाईबापू! पाया पडतो! वळूबी नका! पोरीचा मांडव हाये!"

यादोराव म्हणजे काडीसारखा माणूस. सरांनी नुसता खांदा हलवला असता तरी ते बाजूला पडले असते. आणि मान वळवायला तर खांदाही हलवायला नको होता.

सर बसून राहिले. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर नवरीवर. काकू त्यांच्याकडं बघत होत्या. सोंड नदीवरून अलीकडं आली, कोणाच्या तरी वावरात धुळीचा लोट उठला, दोन पळसं मुळासकट वर गेली. मग ती मधेच बारीक झाली, वाकडी झाली आणि ढगात परत गेली. मांडवाची झालर तेवढी एकदा फडफडली.

महाराजांनी जिथं सोडलं होतं तिथून पुढं म्हटलं. अक्षता पडल्या. घाबरलेल्या लोकांनी त्या दिसेल तिकडं फेकल्या, निम्म्या सरांच्या अंगावर.

डॉक्टरांनी सगळं शूट केलं होतं! आम्ही धावत गेलो, व्हिडिओ लावला. कॅमेरा उलटा सुरू होता. पूर्णवेळ डॉक्टरांचा वासलेला जबडा. त्यांनी दातांची इतकी नीट तपासणी कोणाचीच केली नव्हती.

इकडं यादोराव सरांच्या पायावर पडून रडत होते. मग रांगच लागली. नवरदेवाकडचे लोकही पाया पडून गेले. शेवटी गर्दी जेवायला वळली तेव्हा आम्ही तिघं सरांजवळ पोचलो.

गजूला राहवेना. "सर, जन्मभर जिच्यासाठी फिरले ते मांगं उभी व्हती! मान तरी वळवाची न! काहून नाही वळले?"

सर उठले. त्यांनी खुर्ची उचलून फिरवली, नदीकडं तोंड केलं आणि पुन्हा बसले. समोर स्वच्छ, तांबूस आभाळ होतं आणि काही बगळे चालले होते. त्यांनी आम्हाला समोर बसायची खूण केली.

"कशी होती?" त्यांनी विचारलं.

आम्ही तिघं एकदम सुटलो. गजू म्हणे जाड होती, डॉक्टर म्हणे दोरीसारखी बारीक, मी म्हणालो आधी जाड आणि मग बारीक. गजू म्हणे आवाज होता, डॉक्टर म्हणे अजिबात नव्हता.

सरांनी हात वर केला.

"एकेकानं सांगा," ते म्हणाले. "आधी रंग."